बासरीवालीच्या शेजारची जागा

वाचनालयाच्या मागच्या खोलीत ती आपल्या लेकीला, चिंगीला घेऊन शिरली, तेव्हा बासरीवालीच्या शेजारच्या उशीवर एक नवीच बाई बसली होती. मांडीवर तान्हं बाळ, आणि बसणं असं ऐसपैस, की जणू जन्मापासून ती जागा तिचीच.

त्या परक्या शहरात इंग्रजी कळणाऱ्या आया दर बुधवारी इथे जमायच्या. बासरी शिकवणारी एक उंच, हसरी बाई त्यांना जमवायची. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आल्यावर चिंगीच्या आईने कितीतरी दिवस दुकानात बोट दाखवून आणि शेजाऱ्यांपुढे नुसती मान हलवून काढले होते. मग ही खोली सापडली. बासरीवालीच्या शेजारी बसायला मिळेपर्यंत आणखी बरेच बुधवार गेले. आता ती नवऱ्याला ऐटीत सांगायची, ‘माझी मैत्रीण म्हणत होती...’

ती दाराजवळ टेकली. चिंगी तिला चिकटून बसली, नेहमीसारखी मुकी. ‘सगळ्यांना कळेल असंच बोलूया,’ असं बासरीवाली एकदा सहज म्हणाली होती. तेव्हापासून ती या खोलीत लेकीशीही इंग्रजीतच बोलायची. आणि घरी चुरुचुरु बोलणाऱ्या चार वर्षांच्या लेकीने इथे तोंडाला कुलूप घातलं होतं.

नवी बाई किस्सा सांगत होती. बाळाच्या पोटात गॅस झाला, म्हणून ती दुकानात गेली. भाषा येईना. तिने पोट फुगवून दाखवलं, तोंडाने फुस्स आवाज काढला. दुकानदार आत गेला आणि सायकलचा पंप घेऊन आला.

खोली हसून लोटपोट झाली. बासरीवालीने डोळे पुसले आणि नव्या बाईच्या गुडघ्यावर थाप मारली.

असलं तर चिंगीच्या आईच्याही बाबतीत घडलं होतं. तिनेही ते इथेच सांगितलं होतं. तेव्हा सगळ्या ‘अरेरे’ म्हणाल्या होत्या आणि कुणीतरी चहा करायला उठलं होतं.

एवढ्यात बाळ कुरकुरलं. नव्या बाईने त्याला खांद्यावर घेतलं.

“काय गं ठमाबाई? काय झालं माझ्या सोन्याला? हसल्या ना सगळ्या आपल्याला?”

दाराजवळ तिच्या अंगावर सरसरून काटा आला. घराबाहेर कुणाच्या तोंडून मराठी ऐकून किती दिवस झाले होते! ओठ आपोआप उघडले. ‘अय्या’ अगदी जिभेच्या टोकावर आलं.

पण त्याच क्षणी बासरीवाली पुढे झुकली. “किती गोड भाषा गं ही,” ती इंग्रजीत म्हणाली. “अजून बोल ना!”

चिंगीच्या आईचे ओठ मिटले. इतके बुधवार मराठीचा एक शब्द पडू नये म्हणून ती जिभेला चिमटे काढत बसली होती, आणि ही आली तशी त्याच भाषेवर भाव खाऊन गेली!

नव्या बाईचं लक्ष तिच्याकडे गेलं. चेहरा खुलला. “तुम्हीही आमच्याच बाजूच्या दिसता,” ती इंग्रजीतच म्हणाली. “घरी कुठली भाषा बोलता?”

“इंग्लिश,” ती म्हणाली. “फक्त इंग्लिश.”

नव्या बाईचा चेहरा जरासा उतरला. ते पाहून तिला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून लगेच कसंतरीही झालं. धीर म्हणून तिने कुशीतल्या चिंगीला जवळ ओढायला हात फिरवला, तर चिंगी तिथे नव्हती.

चिंगी खोलीच्या मधोमध उभी होती. “हिचं खरं नाव ठमाबाई आहे?”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

“छे गं! ते लाडाचं,” नवी बाई म्हणाली. “आणि तू कोण? ये, ये ना मावशीकडे.”

चिंगी गेली. नुसती गेली नाही, तिच्या गुडघ्यावर रेलली, बाळाचं पाऊल हातात घेतलं आणि सुटली. हिला दात का नाहीत, ही रात्री रडते का, आमच्या वरच्या मजल्यावर एक आजोबा आहेत ते चालताना ठकठक वाजतात, माझा मोजा हरवलाय पण एकच. बांध फुटल्यासारखी चिंगी बोलत होती. बासरीवालीने टाळी वाजवली. “बोलते की ही! आम्हाला वाटलं होतं...”

नव्या बाईने एकदा दाराकडे पाहिलं. मग चिंगीच्या कानाशी वाकली. “पण तुझ्या आईला मराठी येत नाही ना गं?”

“येतं की,” चिंगी म्हणाली. “फक्त घरी.”

बाकीच्यांना काही कळलं नाही. जिला कळायचं तिला कळलं. नवी बाई हसली नाही, रागावलीही नाही. तिने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं, थोडी सरकली आणि शेजारची चटई हाताने झटकून मोकळी केली.

चिंगीची आई उठली. कानशिलं तापली होती. चार पावलं पुढे आली, पण त्या मोकळ्या जागेवर बसली नाही. हात पुढे करून उभी राहिली.

“चिंगे, चल. निघूया,” ती म्हणाली. त्या खोलीतलं तिचं पहिलं मराठी.

चिंगीने मान वर केली नाही. बाळाचं पाऊल तसंच हातात होतं.

“थांब गं आई,” ती म्हणाली. “आम्ही बोलतोय ना.”