निवेदनावरची सही

ईट गावाजवळच्या तीन वेगवेगळ्या चर्चची माणसं पहिल्यांदाच एकत्र बसली. डोंगर फोडणारा खडी क्रशर बंद करावा, असं निवेदन तयार होतं. सुवार्ताची लेक धुळीनं रोज खोकायची, आणि सुवार्ताचा नवरा त्याच क्रशरवर टिपर चालवायचा.

"बंद झाल्यावर आमी खायचं काय, पास्टर?" तिनं विचारलं.

पास्टरांनी शेजारी बसलेल्या फादरांकडं पाहिलं. फादर म्हणाले, "याचं उत्तर आमच्याकडंही नाही, बाई. तुम्ही सही नाही केली तरी चालेल."

मांडीवरची लेक पुन्हा खोकली. सुवार्तानं सही केली.

संध्याकाळी नवरा केसांतली धूळ झटकत घरात आला. "मीटिंगला काय झालं गं?"

त्याच्याकडं न बघता ताट पुढं सरकवत ती म्हणाली, "प्रार्थना झाली."