गाडी गेल्यावर

टिकारामनं सॅक्सोफोनची पत्ती तोंडात धरून ओली करून ठेवली होती, आणि ती तशीच वाळून गेली. बिदाई झाली, पण त्याला कोणी वाजवू दिलं नाही.

नवरी डिंपलनंच सकाळी बजावलं होतं, "टिकाराम काका, ते रडवाचं गाणं नाही पायजे मले. सासरी चालली मी, मराले नाही चालली." पोरगी तोंडाची फटकळ, पण मनानं लाख मोलाची. आईलाही तिनं चारचौघांत शपथ घातली, "आई, आज रडशीन तं माह्या गळ्याची आन हाये तुले." मग काय! डीजेवाल्यानं धूमधडाका लावला, वऱ्हाडी नाचले, गाडीची दारं लागली आणि आंबागडच्या रस्त्यावर नुसती धूळ राहिली. नवरीची आई गीताबाई मांडवाच्या खांबाला धरून हसत उभी होती. चाळीस वर्षं बिदाया वाजवल्या टिकारामनं, पण असं हसू त्यानं पाहिलं नव्हतं. त्याच्यानं ते बघवेना.

बँडची बाकी मंडळी मेटाडोरमध्ये चढून बसली होती. मालक भय्याजीनं हॉर्न दिला.

"चाल बा टिकाराम! न फुंकता सुटला, आणखी काय पायजे तुले?"

टिकारामला वाईट वाटलं होतं. डीजे आल्यापासून लग्नात त्याच्या वाट्याला ते एकच संथ गाणं उरलं होतं, आणि आज तेही गेलं. तो बाजा पेटीत ठेवायला वाकला.

"थांबा जी," गीताबाई म्हणाली. पाहुण्या बाया आत पंगतीला बसल्या होत्या. मांडवात ती एकटीच होती. "आता वाजवा."

"आता? पोरगी तं गेली न, बाई."

"म्हणूनच म्हणून राहिली. आन मले घातली हाये तिनं. तुमच्या बाज्याले थोडीच घातली?"

टिकारामच्या हातातलं पेटीचं झाकण तसंच राहिलं. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला, आज लेक गेली. उद्यापासून ह्या घरात एका माणसाचा भात शिजणार, आणि बाईला रडायचीसुद्धा मुभा नाही. आन मोडली तर लेकीच्या जिवाला काही व्हायचं, ह्या धाकानं तिनं सकाळपासून पाण्याचा घोटही धड गिळला नव्हता.

त्यानं पत्ती पुन्हा ओली केली आणि वाजवायला लागला. बाईची इतकी कीव आली त्याला, की पहिल्या सुरापासूनच जबडा हलवून त्यानं सूर थरथरवला. नुसता गहिवर ओतला. दोन ओळी झाल्या असतील नसतील, गीताबाईनं हात वर केला.

"असं नोका, जी. लोकायले दाखवासाठी रडल्यावानी वाटते ते."

टिकाराम शरमला. खरंच होतं ते. तरुणपणी नाकाडोंगरीच्या खाणीवर एक गोवेकर फिटर होता, डिमेलो. सॅक्सोफोनवर जॅझची संथ गाणी अशी वाजवायचा की ऐकणारा हातातला चहा विसरावा. त्यानंच शिकवलं होतं, सूर आधी सरळ ठेवायचा, ताटात साधा भात वाढावा तसा. हलवायची घाई करायची नाही. सुराला स्वतःलाच राहवेनासं झालं, की अगदी शेवटी थोडा सोडायचा. लोकांना रडवता रडवता टिकाराम ते केव्हा विसरला, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

त्यानं डोळे मिटले आणि पुन्हा सुरुवात केली. ह्या वेळी सूर हळू निघाला, सुरात श्वासाचा आवाज मिसळलेला. तो तसाच पुढं जात राहिला, लांब, सरळ, कुठं न थरथरता. छाती भरून आली तरी टिकारामनं जबडा घट्ट धरला. आणि दम संपता संपता, शेवटच्या टोकाला, सूर हलला. थोडासाच हलला. मग दुसरी ओळ, तीही तशीच.

मेटाडोरचा हॉर्न थांबला. मागं भांडी घासणारी चंद्रभागाबाई हातातली परात तशीच धरून मांडवाच्या कडेला आली आणि पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. भय्याजीही खाली उतरून पाठ करून उभा राहिला.

गाणं संपलं. टिकारामनं डोळे उघडले. गीताबाई खांबाला टेकून जमिनीवर बसली होती. डोळे कोरडे, ठणठणीत कोरडे. जमलं नाही आपल्याला, असंच वाटलं त्याला. त्यानं बाजा तोंडापासून खाली घेतला.

गीताबाईनं घाईघाईनं मान हलवली.

"थांबू नोका, जी," ती म्हणाली. "माहं रडणं नाही झालं अजून."