मधल्या तीन तारा

तिसरी फेरी संपली तेव्हा सगळा पियानो ढिला पडला होता. फक्त मधल्या तीन तारा ताठ होत्या. एबो क्वान्साने त्यांच्या खुंट्यांना किल्ली लावलीच नव्हती.

त्याच्या शिस्तीत हे बसत नव्हतं. जुन्या पियानोच्या तारा काढायच्या तर खर्जापासून टिपेपर्यंत सगळ्या खुंट्या एकेका फेरीत थोड्याथोड्या सैल करत जायचं. सगळ्यांनी बरोबरीने उतरायचं. समुद्रकाठच्या अनोमाबो गावाच्या खाऱ्या वाऱ्याने आतल्या लोखंडी चौकटीला तडा गेला होता, लाकूड वाळवीने पोखरलं होतं. ओढ एकाच जागी राहिली की चौकट दुभंगणार आणि तार चाबकासारखी तोंडावर येणार. म्हणूनच तर सोमवारी माणसं हा मोडीत निघालेला पियानो उचलून न्यायच्या आत तारा उतरवायच्या होत्या. आणि चर्चमध्ये चाळीस वर्षं ज्याने तो वाजवला, सुरात ठेवला, त्याच्याशिवाय हे काम कोण करणार?

त्या तीन तारा एकाच सुराच्या. मधल्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी. एबोची बायको एफुआ मागच्या बाकावर बायकांत बसायची. प्रवचन रंगात आलं की पाद्रीबाबांचं वाक्य मध्येच तोडून ती गाणं उचलायची, बाकीच्या मागोमाग धरायच्या, आणि पाद्रीबाबा डोळे मिटून थांबायचे. तेवढा वेळ देव छपराखाली येऊन बसल्यासारखा वाटे. ती उचलायच्या जरा आधी एबो ती काळी पट्टी हलकेच दाबायचा. तिला सूर मिळावा म्हणून.

आठ महिन्यांपूर्वी एफुआ गेली. त्यानंतर प्रवचनाच्या वेळी त्याने त्या पट्टीला बोट लावलं नाही. लावायचं कुणासाठी? बायकाही गप्प झाल्या. प्रवचनं कोरडी होऊ लागली. तिला सगळे इतक्या लवकर विसरले, हे त्याला फार लागलं होतं. प्रार्थना संपली की तो कुणाशी न बोलता घरी जायचा आणि एकट्यापुरता केंके, आंबवलेल्या मक्याचा गोळा, पानातून सोलून माशाबरोबर खायचा.

चौकट करकरली.

"पापा एबो, तोंड मागे घे." अराबा झाडू टेकून उभी होती. मागच्या बाकावर एफुआच्या शेजारची जागा तिची. "एकटी तार ताठ ठेवू नये, हे आम्हाला चाळीस वर्षं कुणी ऐकवलं? एक डोळा जाईल. मग उरलेल्या डोळ्याने माझंच तोंड बघत बसावं लागेल."

"या उतरल्या की तो सूर गेला," एबो म्हणाला. "एफुआ यावरूनच उचलायची."

अराबा हसली. हसता हसता तिला बाकावर टेकावं लागलं. "तुझा सूर? त्या पंख्यांच्या घरघरीत? मागच्या बाकापर्यंत तो एकदाही पोचला नाही रे बाबा. सूर तिच्या गळ्यात होता. ती तुझा हात बघायची. हात पट्टीकडे गेला की मला कोपर मारून म्हणायची, 'माझा म्हातारा जागा आहे, चला.'"

एबोने किल्ली खाली ठेवली. "मग आठ महिने तुम्ही गप्प का?"

"तुझा हात कुठे होता?" अराबा म्हणाली, आणि उठून उरलेली जमीन झाडू लागली.

त्याने चष्मा नीट बसवला. तिन्ही खुंट्या आळीपाळीने, अर्ध्या अर्ध्या वळशाने सैल केल्या. सूर उतरत गेला, नुसती थरथर उरली, मग तीही विरली. संध्याकाळपर्यंत सगळ्या तारांची वेटोळी गोणपाटात बांधून झाली होती.

रविवारी पाद्रीबाबांनी वादळात सापडलेल्या होडीची गोष्ट घेतली. समोर बसलेले निम्मे लोक होडीवरचेच, त्यामुळे सगळे कान देऊन होते. लाटा आत आल्या, शिष्य घाबरले, प्रभू झोपलेलाच. एबो सवयीने त्या पोकळ पेटाऱ्यासमोर बसला होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. हात उचलला आणि दुसरी काळी पट्टी हलकेच दाबली.

आतली हातोडी नुसत्या हवेवर पडली, कसलाच आवाज झाला नाही. आणि मागच्या बाकावरून अकरा बायकांनी, एफुआच्याच सुरात, गाणं उचललं.