ओली पट्टी

ब्र्नोहून अर्ध्या तासाची गाडी, मग जंगलातून चालत पुढचं स्टेशन. व्लास्ता आणि तिची धाकटी बहीण मिलाडा यांचा हा नेहमीचा शनिवार. वाट चुकायची भीती नसे. झाडांवर पांढरी, खाली लाल, खाली परत पांढरी अशा पट्ट्या असत. या वाटेवर त्या रंगवायचं काम व्लास्ताच्या नवऱ्याकडे, ओटाकारकडे होतं. तो गेल्या पानगळीत गेला आणि रंगाचे पोपडे निघू लागले.

आज मात्र पट्ट्या चकचकीत होत्या.

"मिळाला वाटतं कुणी रंगवणारा!" मिलाडा म्हणाली. "पण हाही भावजींसारखाच धांदरट. लालला शेपूट फुटलंय बघ."

लाल पट्टी शेवटाला खाली घसरली होती. आजारपणात ओटाकारचा हात नेमका तिथेच थरथरायचा.

पुढच्या झाडावरचा रंग व्लास्ताच्या बोटाला लागला. त्यापुढचा तर अजून ओघळत होता.

"ताई, एव्हाना रूळ लागायला हवे होते गं."

"ही आपली वाट नाही, मिले. मागे फिर."

त्या वळल्या. आल्या वाटेवरच्या एकाही झाडावर पट्टी नव्हती.

"आत्ता तर होत्या!" मिलाडा रडकुंडीला येऊन पुढे धावली आणि एकेक खोड चाचपू लागली.

व्लास्ता जागची हलली नाही. तिच्या पाठीवर, कोटावरून, काहीतरी गार आणि ओलं सावकाश आडवं फिरलं. मग त्याच्या खाली पुन्हा एकदा.

या वेळी शेवटाला ते थरथरलं.