वर एक पंचमांश

"एस्तेरताई, शेजारणीशी खोटं बोललं असेल, तर बकरा चालतो का?"

झूमवरच्या सगळ्या बायका हसल्या. एस्तेर नवगावकरला मात्र हसू फुटेना. प्रश्न सुचित्राने विचारला होता, आणि परदेशातल्या या झूटरमेर गावात एस्तेरच्या भिंतीला भिंत लागून राहणारी मराठी शेजारीण सुचित्राच होती.

एस्तेर मूळची अलिबागकडची बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. करोनामुळे तिथल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम घरबसल्या चालत, आणि आज तिच्याकडे प्राचीन इस्राएलच्या प्रायश्चित्तांचा विषय होता. वर्षातून एकदा महायाजक, म्हणजे मंदिराचा मुख्य पुरोहित, दोन बकरे घ्यायचा. एकाच्या रक्ताने पवित्रस्थान शुद्ध करायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून साऱ्या लोकांची पापं कबूल करायचा आणि त्याला रानात हाकलून द्यायचा. इथवर तिचं बोलणं छान रंगलं होतं. बकऱ्यांबद्दल बोलायला तिला काहीच अडचण नव्हती.

"नाही चालत," ती घसा खाकरून म्हणाली. "शेजाऱ्याला फसवलं, तर आधी त्याच्यापाशी जायचं. त्याचं त्याला भरून द्यायचं, वर एक पंचमांश. देवाकडे त्यानंतर."

मार्चमध्ये दुकानांतली कणीक संपली, तेव्हा सुचित्रा पाच किलोची एक थैली मागायला आली होती. एस्तेरने दारातूनच, "माझीही संपली गं," म्हणून तिची बोळवण केली होती. थैल्या पलंगाखाली होत्या. म्हणजे हिला ते कळलं तर! बाईने चारचौघींत नेमका चिमटा काढला होता.

योम किप्पूर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या सणाच्या आदल्या दिवशी सकाळी एस्तेरने सहा किलो कणीक भरली आणि शेजारची बेल वाजवली. पिशवी उंबऱ्यावर ठेवून ती दीड मीटर मागे सरकली. एरवी हे अंतर तिला जाचायचं. आज ते सोयीचं वाटलं.

"मार्चमध्ये माझ्याकडे कणीक होती, सुचित्रा. मी खोटं बोलले. माफ कर मला."

सुचित्रा पिशवीकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले. ती आत गेली आणि कणकेची एक न फोडलेली थैली घेऊन आली.

"ताई, तो प्रश्न मी माझ्यासाठी विचारला होता," ती म्हणाली. "तेव्हा माझ्याकडे अशा चार थैल्या होत्या. तुम्ही मागायला याल या भीतीने मीच आधी मागायला आले."