नानाजींचं अंथरूण

खिडकी कोणी लावली, ते इंदूला कळेना.

शेजारच्या पार्वतीबाईंना कैऱ्या द्यायला म्हणून ती गेली आणि बोलण्यात अडकली. तेवढ्यात आंधी सुटली. तोंडावर पदर धरून ती धावत घरी आली, तर मधल्या खोलीची खिडकी बंद, तीही आतून कडी घातलेली. नवरा, श्रीधर, कोराडीच्या वीजकेंद्रात ड्यूटीवर होता. घरात एकटे नानाजी, आणि नानाजींनी तर कित्येक वर्षांत जमिनीला पाय लावला नव्हता.

"वाऱ्यानं लागली असंल," खाटेवर पडल्या पडल्या नानाजी म्हणाले.

वारा खिडकी आपटतो, कडी घालत नाही. इंदूच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

नानाजी म्हणजे श्रीधरचे आजोबा. न्हाणीत घसरून कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सगळं श्रीधरची आई, कांताबाई, करायची. गल्लीतल्या एखाद्या म्हातारीची वेणी घाल, एखाद्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत औषध टाक, हे तिचं चालूच असे. पण सासऱ्याची सेवा म्हणजे तिचा देवधर्म. त्यांना आपल्या हातानं भरवल्याशिवाय ती घास तोंडात घालत नसे. भरवून झालं की तिथेच खाटेजवळ बसून स्वतः जेवायची. अख्ख्या जुन्या शुक्रवारी वस्तीत तिचं नाव होतं.

मेच्या सुरुवातीला ऊन लागलं आणि कांताबाई गेली. तेरवीला जो आला तो म्हणाला, अशी सून आता होणे नाही. आणि म्हणता म्हणता प्रत्येकानं इंदूकडे एकदा बघून घेतलं.

त्या बघण्याचाच इंदूला राग होता. उमरेडच्या शाळेत तिला नोकरी लागली होती. जूनमध्ये हजर व्हायचं, रोज एसटीनं जाऊन यायचं. एवढं शिकून पहिल्यांदाच काहीतरी तिचं स्वतःचं होणार होतं. पण अंथरुणावरचा माणूस घरात एकटा टाकून जाणार कशी? श्रीधरशी बोलावं, तर आई गेल्यापासून तो हूं की चूं करत नव्हता. दोन्ही वेळचं नानाजींना भरवणं तेवढं त्यानं आपल्याकडे घेतलं होतं. बाकीचा अख्खा दिवस इंदूच्या गळ्यात.

आता ती म्हाताऱ्यावर नजर ठेवू लागली. बाहेरून आली की माठावरचं झाकण सरकलेलं दिसे. कधी दोरीवरचा कोरडा पंचा ओला लागे. आणि नानाजी तरी काय, रोज दुपारी गोड आवाजात विचारायचे, "आज पार्वतीबाईकडे नाही जात का वं?"

तिला घालवायची एवढी घाई काहून?

जसजशी खात्री पटत गेली, तसतसं तिचं डोकं तापत गेलं. या ढोंगी माणसानं सासूचं आयुष्य बसून खाल्लं, आता माझं खाणार. म्हाताऱ्याला रंगेहाथ पकडायचा, की आपण मोकळ्या.

एके दिवशी ती इतवारीच्या बाजारात कापड आणायला जाते म्हणाली. पुढच्या दाराला बाहेरून कडी घातली, गल्लीतून वळसा घेतला आणि मागच्या अंगणातून हळूच घरात शिरली.

नानाजी हातात पाण्याचा पेला घेऊन खोलीत फेऱ्या मारत होते. भिंतीला हातसुद्धा न लावता.

इंदूला पाहून ते थांबले. लपवायला आता काही उरलंच नव्हतं.

"आज हे आले की सांगते मी," ती म्हणाली. "सासूबाईले मरेपर्यंत राबवलं तुम्ही. लाज नाही वाटली?"

"वाटली ना," नानाजी म्हणाले. "हाड मोडलं होतं, ते खोटं नाही. पावसाळ्यात मोडलं, दिवाळीपर्यंत सांधलं."

"मग उठले काहून नाही?"

नानाजी खाटेच्या कडेवर बसले आणि सांगू लागले. त्यांचा मुलगा आनंदराव, म्हणजे श्रीधरचा बाप, त्याच साली गेला होता. श्रीधर तेव्हा शाळेत होता. कांताबाई भिंतीकडे तोंड करून बसली ती बसलीच. अन्न नाही, बोलणं नाही. बायका समजावून थकल्या. मग नानाजी न्हाणीत पडले, आणि त्यांना भरवायला घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून ती उठली.

"मले भरवाचं म्हणून तिनं चूल पेटवली," नानाजी म्हणाले. "मी जेवलो म्हणून ती जेवली. हाड सांधल्यावर एक दिवस मी उठून आपल्या हातानं जेवलो. म्हटलं, तिले तेवढाच आराम. तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली. संध्याकाळी चूल पेटली नाही. मग मी पुन्हा पडलो."

सासूचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि इंदूला भडभडून आलं. पण राग अजून पुरता उतरला नव्हता.

"आता तर सासूबाई नाही," ती म्हणाली. "आता कोणासाठी पडून राहिले?"

नानाजींनी स्वयंपाकघराकडे बोट केलं.

"तू वाढलेल्या ताटावर श्रीधर जेवते का वं?"

तेरवीपासून इंदूनं स्वयंपाकघरात वाढलेलं ताट रोज तसंच्या तसं परत येत होतं. श्रीधर जे काही खात होता, ते नानाजींना भरवून झाल्यावर, खाटेजवळ बसून. तिला वाटायचं, आपल्या हातचं त्याला आवडत नाही.

बाहेर सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. नानाजी उठून उभे राहिले, पेला हातातच. "सांग तू," ते म्हणाले. "तुझंही बरोबरच आहे."

दाराची कडी निघाली. श्रीधर आत आला तेव्हा नानाजी गळ्यापर्यंत चादर ओढून पडले होते आणि इंदू त्यांच्या ओठांना पेला लावत होती.

"हातपाय धुऊन लवकर या," ती मान वर न करता म्हणाली. "आता पाण्याचा पेलासुद्धा धरवत नाही त्यायले."