पडलेल्याचा नियम

“काकू, तुमची पाळी,” वाणी म्हणाली आणि तिनं वीस बाजूंचा फासा हेमलताकाकूंच्या पुढ्यात सरकवला.

काकूंनी तो लगेच उचलला नाही. त्या टेबलावरच्या कागदी नकाशाकडे बघत राहिल्या. नकाशावर नदी होती, नदीवर पूल होता आणि पुलाच्या अलीकडे सिद्धार्थचा तिरंदाज पडला होता. राक्षसाच्या घावानं त्याचं बळ शून्यावर आलं होतं. पुलाच्या तोंडाशी, सुटकेपासून पावलाभरावर, ढालाईत त्र्यंबक उभा होता. त्र्यंबकला आता काकू खेळवत होत्या, पण तो खरा गंधारचा, आणि गंधार काकूंचा एकुलता एक मुलगा. मार्चमध्ये महाबलीपुरमच्या रस्त्यावर मोटारसायकलला अपघात होऊन तो गेला होता.

गंधार आणि सिद्धार्थ अण्णा नगरच्या या फ्लॅटमध्ये एकत्र राहायचे, एकाच कंपनीत कामाला जायचे. रविवारी मैलापूरहून वाणी आणि तिचा भाऊ रघुराम यायचे आणि मग खेळ रंगायचा. वाणी गोष्ट सांगायची, बाकीचे त्या गोष्टीतले वीर व्हायचे, आणि कुणाचा वार लागला, कुणाचा हुकला हे फासा ठरवायचा. गंधार गेल्यावर खेळ बंदच पडला. मेच्या सुट्टीत काकू त्याचं सामान न्यायला सांगलीहून आल्या, आवडी या उपनगरात नणंदेकडे उतरल्या. कपाट आवरताना फासे हाताला लागले, तेव्हा त्यांनी विचारलं, “हे काय असतं गं?” वाणीनं सांगितलं. ऐकून घेतल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “मला शिकवा.”

“अस्कं मी सांगते, काकू, भिऊ नका,” वाणी म्हणाली. तंजावरकडच्या तिच्या मराठीत अस्कं म्हणजे सगळं. पण सांगायला फारसं लागलंच नाही. काकू शाळेत गणित शिकवणाऱ्या. ढालीचा आकडा कुठं मिळवायचा, घावाचा कुठं वजा करायचा, हे त्यांनी एका दुपारीच आत्मसात केलं. पुढच्याच रविवारी त्यांनी वाणीला पकडलं.

“वाणी, त्र्यंबकचं बळ शून्याखाली गेलं की. मग हा उभा कसा?”

वाणी गोरीमोरी झाली. “तुमच्यापुरता नियम बदलला, काकू. त्र्यंबक मरणार नाही, असं आम्ही ठरवलंय.”

“गंधारला होती का ही सवलत?”

“नाही.”

“मग मलाही नको. डाव पुन्हा पहिल्यापासून मांड.”

सिद्धार्थनं तेव्हाही मान वर केली नव्हती. काकू आल्यापासून तो त्यांना टाळत होता. त्या सामान बांधायला आल्या की त्याला नेमकं ऑफिसात काम निघायचं. त्यांचा फोन आला की तो वाजत राहू द्यायचा. खेळाला मात्र त्याला बसावं लागे, कारण तिरंदाजावाचून डाव पुढं सरकत नसे. त्या दिवशी मोटारसायकल तो चालवत होता. हेल्मेट एकच होतं. “चालवणाऱ्यानं घालायचं,” असं म्हणत गंधारनंच ते त्याच्या डोक्यावर बसवलं होतं. सिद्धार्थला नुसतं खरचटलं. सांगलीला कळवताना कुणीतरी गाडी घसरली एवढंच सांगितलं. काकूंनी पुढं काही विचारलं नाही आणि सिद्धार्थनंही सांगितलं नाही.

“काकू?” वाणीनं हळूच आठवण केली.

“पडलेल्याला उठवता येतं ना?”

येत होतं. खेळाच्या मूळ नियमपुस्तकाप्रमाणे पडलेल्याला फक्त वैद्य वाचवू शकायचा. “आपल्यात वैद्य नाही म्हणून माणूस मरू द्यायचा?” असं म्हणत गंधार दुपारभर भांडला होता आणि शेवटी त्यानं वाणीकडून नवा नियम करून घेतला होता. पडलेल्याच्या अंगावर ढाल धरून जो उभा राहील, त्यानं सगळे घाव स्वतःवर घ्यायचे. मग पडलेला उठतो.

“येतं,” वाणी म्हणाली. “पण त्र्यंबकचं बळ फार थोडं उरलंय, काकू. तो बहुतेक वाचणार नाही.”

“काकू, तुम्ही पूल ओलांडा,” सिद्धार्थ घाईघाईनं म्हणाला. “माझं राहू दे. मी दुसरा कुणीतरी घेईन.”

काकूंनी त्र्यंबकची सोंगटी दोन बोटांनी उचलली. पुलापासून मागं आणली आणि पडलेल्या तिरंदाजाला अगदी खेटून ठेवली.

“ढाल धरली,” त्या म्हणाल्या.

मग वाणीनं राक्षसाच्या वतीनं फासा टाकला. तो गडगडत जाऊन थांबला. आकडा बघून रघुरामनं तोंड फिरवलं. काकूंनीच वजाबाकी केली, नेहमीसारखी मनातल्या मनात, आणि त्र्यंबकची सोंगटी नकाशावरून उचलून मुठीत धरली. ती मूठ त्यांनी बराच वेळ उघडली नाही.

“ऊठ, सिद्धार्थ,” त्या म्हणाल्या. “तुझा माणूस वाचला.”

सिद्धार्थनं तिरंदाज उभा करायला हात पुढं केला, पण सोंगटी पुन्हा पुन्हा आडवी होत होती. शेवटी त्यानं ती तशीच सोडून दिली.

“काकू,” तो म्हणाला, “गाडी मी चालवत होतो.”

काकूंनी दुसऱ्या हातानं त्याची सोंगटी नीट उभी केली.

“पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला. पोलिसांच्या कागदावर होतं. पण हा खेळ शिकले नसते, तर तू माझ्यासमोर बसला असतास का रे?”